नकाशात नाल्याला जागा ठेवा
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्व सभासदांचं मनापासून अभिनंदन. सचिवांनी मला पर्यावरणावर दोन शब्द बोला म्हटलं. मी माणूस बांधकाम खात्यातला, आयुष्य मोजणी अन् आखणीत गेलं. म्हणून 'झाडे लावा, झाडे जगवा' हे मी सांगत नाही. ते शाळेतली पोरंही सांगतात. मी नकाशाबद्दल बोलतो.

पेंचचं जंगल आपल्याला लांब नाही. खुबाळ्याचं गेट आपल्याच बाजूला आहे. पलीकडे मनसरहून खवाशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ याच जंगलातून जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. रस्ता तर पाहिजे, पण जनावरांनी ओलांडायचा कुठून? शेवटी पेंचच्या या पट्ट्यात जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या. काही नाल्यांवरचे लहान पूल, तर सर्वांत मोठी वाट जवळपास ७५० मीटर रुंद. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. वाघ, रानकुत्रे, चितळ धरून १८ प्रकारचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना दिसले. वरून ट्रक, खालून वाघ!

यात आपल्यासाठी धडा काय? त्या वाटा रस्त्याच्या नकाशात आल्या म्हणून झाल्या. रस्ता बांधून झाल्यावर तो कोणी उचलून धरत नाही.

आता आपल्या घरचं पाहू. मागची जमीन दुसऱ्या टप्प्यासाठी घ्यायचं आपल्या मनात आहे. नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. कच्च्या आराखड्यात कोलार नदीकडे जाणारा नाला पाइपात घातला आहे आणि धुऱ्यावरची बाभळी, बोरी, पळस साफ केले आहेत. लोक म्हणतात, "काय फरक पडते? तिथं वाघ थोडाच आहे?" वाघ नाही, खरं आहे. पण मुंगूस आहे, घोरपड आहे, बाभळीवर सुगरणीचे खोपे आहेत, मुरमाडात टिटवी अंडी घालते. या सगळ्यांचा महामार्ग म्हणजे तो नाला आणि तो धुरा. तो बुजला की "घरात साप निघून राहिले" म्हणून आपणच ओरडणार. शिवाय पावसाचं पाणी पाइपाचं माप पाहून येत नाही. पाइप तुंबला की ते तळमजल्यात शिरेल.

माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, नाला उघडा ठेवावा. लेआउटमध्ये नियमाने जी मोकळी जागा सोडावी लागते, ती कोपऱ्यातल्या अडचणीच्या तुकड्यात न दाखवता नाल्याच्या काठाने सलग दाखवावी. कंपाउंडच्या भिंतीला नाल्याजवळ खालून फटी ठेवाव्यात.

दुसरी, प्लॉट पाडण्याआधी प्रत्येक मोठं झाड मोजणीत घ्यावं अन् नकाशावर दाखवावं. ती मोठी चिंच अंतर्गत रस्त्याच्या मधोमध येते. रस्ता थोडा वळवला की ती वाचते. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे, हेही लक्षात असू द्या.

तिसरी, जेसीबी लावण्याआधी जमीन पायी फिरून पाहावी. टिटवीची अंडी दिसली तर तेवढा तुकडा चार आठवडे सोडावा. काम दुसऱ्या टोकापासून सुरू करता येतं.

याने दोन-तीन प्लॉट कमी होतील आणि प्रत्येक सभासदाचा हिस्सा थोडा वाढेल. हे मी लपवत नाही. खर्चाचा आकडा सभेपुढे मांडावा, त्यावर मोकळेपणाने बोलावं. पण हा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेतच घ्यावा लागेल, कारण नकाशावर मंजुरीचा शिक्का बसला की पुढच्या पंचवीस वर्षांत तो नाला पुन्हा उघडायला कोणी येणार नाही.

सभेला अवश्य या. घरून येताना मागच्या बाजूने, नाल्याकाठून या, एवढीच विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!