दप्तर वाचणारा इतिहासकार



परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातील संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती आज बाजूला ठेवून मी एकाच इतिहासकाराविषयी बोलणार आहे. सरकारी कागद हाताळणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने राऊल हिलबर्ग यांच्याकडून वाचन शिकावे, असे मला मनापासून वाटते.

हिलबर्ग यांचा जन्म १९२६ साली व्हिएन्नात, एका ज्यू कुटुंबात झाला. १९३९मध्ये घरदार सोडून हे कुटुंब क्युबामार्गे अमेरिकेत पोचले. पुढे अमेरिकन सैन्यातून हिलबर्ग जर्मनीत उतरले आणि युद्ध संपल्यावर ब्रुकलिन कॉलेजात शिकू लागले. तिथे त्यांना हान्स रोझेनबर्ग हे गुरू लाभले. तेही जर्मनीतून परागंदा झालेले. प्रशियाच्या राजाचे चाकर पिढ्यान्‌पिढ्या नियम, परीक्षा आणि दर्जा यांच्या बळावर स्वतःच एक सत्ता कसे बनले, हा रोझेनबर्ग यांचा विषय. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९५८ साली आला. एकदा वर्गात ते म्हणाले की, आधुनिक काळात नागरिकांवर सर्वांत भीषण अत्याचार नेपोलियनच्या फौजांनी स्पेनमध्ये केले. हिलबर्ग यांनी उठून विचारले, साठ लाख ज्यूंचे काय? तो गुंतागुंतीचा प्रश्न आहे, एवढेच उत्तर मिळाले. या प्रश्नाला हिलबर्ग यांनी पुढे सारे आयुष्य दिले.

कोलंबिया विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक होते फ्रान्झ नॉयमन. नाझी राजवट चार गटांवर उभी आहे, अशी नॉयमन यांची मांडणी होती: सनदी सेवा, लष्कर, उद्योग आणि पक्ष. हिलबर्ग यांनी ती उचलली आणि ज्यूंच्या हत्याकांडात या चौघांचे हात कुठे कुठे लागले, याचा माग काढायचे ठरवले. या विषयाने तुझी कारकीर्द बुडेल, असा इशारा देऊनच नॉयमन यांनी संमती दिली. जप्त केलेली जर्मन कागदपत्रे तेव्हा व्हर्जिनियात अलेक्झांड्रिया इथल्या जुन्या टॉर्पेडो कारखान्यात ठेवलेली होती. हिलबर्ग तिथे कामाला लागले आणि कपाटांमागून कपाटे वाचत गेले.

त्यांना काय सापडले? हत्याकांडासाठी वेगळे खाते नव्हते, वेगळे अंदाजपत्रक नव्हते. जी खाती आधीपासून होती, त्यांनीच हे काम आपापल्या चाकोरीत बसवून घेतले. सुरुवात ७ एप्रिल १९३३च्या सनदी सेवा कायद्यापासून झाली. ‘अनार्य’ अधिकाऱ्यांना निवृत्त करण्याचे कलम त्यात होते. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली. निवृत्तिवेतनाच्या तरतुदीही होत्या. चारच दिवसांनी नियम निघाला: आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी पुरे. व्याख्या ठरली. आता यादी करता येणार होती. व्याख्या, मालमत्तेचे हरण, एकत्र कोंडणे, रवानगी आणि शेवटी संहार, असा क्रम हिलबर्ग यांनी लावून दाखवला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी मसुदा केला, कुणीतरी शेरा मारला, कुणीतरी प्रत पुढे धाडली.

रेल्वेच्या कागदांपाशी मी नेहमी थांबतो. मृत्युछावण्यांकडे नेल्या जाणाऱ्या माणसांचे भाडे रेल्वे आकारत होती. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला ४ फेनिग. १० वर्षांखालच्या मुलांना अर्धे तिकीट, ४ वर्षांखालच्यांना माफ. ४०० किंवा अधिक प्रवासी असले की सामूहिक सवलत. पहारेकऱ्यांचे भाडे जाण्या-येण्याचे, बाकीच्यांचे फक्त जाण्याचे. क्लोद लाँझमन यांच्या ‘शोआ’ या १९८५च्या चित्रपटात हिलबर्ग वेळापत्रकाचा आदेश क्रमांक ५८७ ओळीओळीने उलगडतात. त्यावर ‘गुप्त’ असा शिक्कादेखील नाही. कार्यालयीन उपयोगासाठी, एवढेच लिहिले आहे. गाडी त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला भरलेली जाते आणि रिकामी परत येते. हत्येचा एक शब्दही नसलेल्या त्या कागदावरून हिलबर्ग मृतांचा अंदाज काढून दाखवतात. कागद असा वाचायचा असतो, हे मला त्या दृश्याने शिकवले.

पण या कामाची कदर व्हायला फार काळ गेला. १९५९मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यापीठ प्रकाशनाने या संशोधनावरच्या ग्रंथाचे हस्तलिखित नाकारले. तत्त्वचिंतक हाना आरेंट यांनी प्रतिकूल अभिप्राय दिला होता. १९६१ साली शिकागोच्या एका छोट्या प्रकाशकाने ते छापले, तेही एका निर्वासित कुटुंबाच्या आर्थिक मदतीने. जर्मन अनुवाद १९८२ साली आला. ज्या देशाची कागदपत्रे, तिथे पोचायला पुस्तकाला २१ वर्षे लागली! याच देशात नाझींच्या वंशविषयक नुरेंबर्ग कायद्यांचे भाष्यकार हान्स ग्लोब्के १९५३ ते १९६३ चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते, हेही ध्यानात घ्यावे. हिलबर्ग मात्र व्हरमाँट विद्यापीठात शिकवत राहिले आणि ग्रंथात भर घालत राहिले. १९८५ साली त्याचे तीन खंड झाले. २००३च्या आवृत्तीतही नवी कागदपत्रे आली. २००७मध्ये ते गेले.

त्यांच्या पद्धतीवरचा एक आक्षेप मला पटतो. मारणाऱ्यांच्या फायलींतून मरणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, आणि नाझींनी ज्यू वस्त्यांत नेमलेल्या ज्यू मंडळांबद्दल हिलबर्ग यांनी फार कठोर निवाडा दिला. वॉर्साच्या ज्यू मंडळाचे अध्यक्ष अॅडम चेर्नियाकोव यांनी रवानगी सुरू होताच, जुलै १९४२मध्ये, आत्महत्या केली. त्यांच्या रोजनिशीची इंग्रजी आवृत्ती १९७९ साली हिलबर्ग यांनीच सहसंपादित केली. ती वाचताना कळते की दप्तराच्या पलीकडच्या बाजूलाही एक माणूस रोज अर्ज लिहीत होता, सवलती मागत होता, हिशेब जुळवत होता. दोन्ही बाजू एकत्र गुंफण्याचे काम पुढे इतिहासकार सॉल फ्रीडलेंडर यांनी केले.

आपल्याला दप्तर नवे नाही. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून ४५ खंड निवडून दिले. पण विसाव्या शतकातल्या जिल्हा कचेरीच्या फायली आपण अजून नीटशा उघडलेल्या नाहीत. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके, भूसंपादनाच्या नोटिसा, धरणग्रस्तांच्या याद्या हे सारे नीरस समजून आपण ओलांडून जातो आणि मुदत संपली की ते रद्दीत निघते. हिलबर्ग यांनी २००१ साली केवळ साधनांवर एक छोटे पुस्तक लिहिले: कागदाचे प्रकार, त्याची घडण, त्याची शैली, तो काय सांगतो आणि काय दडवतो. बारनिशी, टिप्पणी, शेरा, प्रतींची यादी कशी वाचावी, हे तरुण संशोधकाला शिकवणारे असे पुस्तक मराठीत व्हायला हवे. ते आपल्या परिषदेने करवून घ्यावे आणि जिल्हा कचेऱ्यांतील फायली नष्ट करण्यापूर्वी अभ्यासकांना दाखवाव्यात, असे दोन ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. त्यांवर आपण मोकळेपणाने बोलावे, ही विनंती.