हातावर पेललेला सूर्य

मावळतीचा सूर्य डोळ्यांना केवढा थोरला दिसतो, पण फोटोत उतरतो तो टिकलीएवढा. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समधून फिल्मवर त्याची प्रतिमा पडते अर्ध्या मिलिमीटरची, तर ३०० मिलिमीटरच्या टेलिफोटोतून पावणेतीन मिलिमीटरची. म्हणून सूर्य जवळ आणायचा, तर लांब लेन्स हवी.

पण ही लेन्स सूर्याला जितकं मोठं करते, तितकंच हाताच्या थरथरीलाही. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे : ३०० ची लेन्स हातात धरली, तर शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नये. स्टँड लावला की हा प्रश्न मिटतो. पण मी फोटो काढतो येरवड्यात, तारकेश्वराच्या टेकडीवरून. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत तीन पाय पसरून उभं राहायला मला संकोच वाटतो. म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवायची, डावा तळवा लेन्सखाली धरायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि बटण हलकेच दाबायचं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. सूर्य डोळे दिपवत असेल, तोवर टेलिफोटोतून त्याच्याकडे पाहू नका. भिंगातून कागद जळतो, तशी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. तो तांबडा, निस्तेज झाला तरी नजर तिथं रेंगाळू देऊ नये. कॅमेऱ्याला पडदा असेल, तर पडद्यावरच पाहावं.

टेकडीवरून खाली मुळा-मुठा दिसते आणि पलीकडे शहर. उन्हाळ्यात सूर्य खडकीच्या अंगाला मावळतो, थंडीत शिवाजीनगरकडे सरकतो. हवेत धूर-धूळ जास्त असली, की तो लवकर लालबुंद होतो. लोक म्हणतात, वा, काय रंग आहे! तो रंग आपल्या छातीतही जात असतो.

क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत सूर्याला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. गंमत अशी, की टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेत वाकलेले किरण त्याला वर उचलून दाखवतात. शेवटची कड बुडाली, की मगरिबची अजान होते. मगरिब म्हणजे मावळतीची जागा, पश्चिम. त्याच सुमारास शेजारच्या घरांत दिवेलागण होते. मीही कॅमेरा पिशवीत ठेवतो.

साठी जवळ आली, तसा अब्बांचा हात कापू लागला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि आम्ही पाहिलं, की खिडकीकडे बघायचे. माझी पन्नाशी उलटली आहे. कविता लिहिताना अक्षर वाकडं आलं, तर घाईवर ढकलता येतं. सूर्याची कड ढकलू देत नाही. ती फोटोत एकेरी आली, तर हात स्थिर; दुहेरी आली, तर नाही. लेन्स तीच, टेकडी तीच. पूर्वी दहातले आठ फोटो नेटके यायचे, आता पाच येतात.

घरच्यांनी स्टँड आणून ठेवला आहे. चांगला आहे, हलका आहे. एक दिवस लागेलच तो. तोवर अर्धा श्वास सोडून उभं राहतो; पाच तर पाच.