चैत्रातील शेत आणि बिनहजेरीची माणसे



वसंत ऋतूवर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांना आंब्याचा मोहोर आणि कोकिळा ह्यांची आठवण व्हावी हे साहजिक आहे. आम्ही बाजार समितीच्या आवारातील हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर, मिळेल ते पुस्तक घेऊन वाचले. आम्हाला वसंताची वर्दी कोकिळा देत नाही, ज्वारीचे पोते देते. फाल्गुन उलटला की सोलापूर, मंगळवेढा, बार्शी ह्या बाजूची नवी मालदांडी आवारात उतरू लागते आणि हमालाच्या पाठीला सवड उरत नाही. ते पोते आवारात येते कसे, त्याच्या मागे घरातील कोण कोण माणसे उभी असतात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मंगळवेढ्याकडची जमीन काळी, भारी. तेथील ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात आणि पुढे थंडी आणि दव ह्यांच्या आधारावर ती उभी राहते. २०१६ साली ह्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे तर साऱ्या जगाने भरड धान्याचे वर्ष म्हणून पाळले. मानांकनाचे आम्हाला कौतुक आहे. पण ही ज्वारी हाताने उपटावी लागते, हे त्या कौतुकाच्या भाषणांत फारसे कोणी सांगत नाही.

होय, उपटावी लागते. कापली तर कडबा आखूड होतो आणि रानात धसकटे राहतात. म्हणून घरातील माणसे पहाटे, दव असतानाच, रानात जातात. पाला तेव्हा मऊ असतो. ऊन चढल्यावर तोच पाला हातांना करवतीसारखा लागतो. एकेकाने पाथ धरावयाची, दोन्ही हातांनी ताटे धरून ओढावयाची, मुळांची माती झाडावयाची आणि मागे ओळीने टाकीत पुढे सरकावयाचे. उन्हात वाळली की पेंढ्या बांधावयाच्या, बुचाडे लावावयाची. मग बसून कणसे मोडावयाची. अंगाला जी कूस लागते तिची खाज दोन-दोन दिवस जात नाही, आणि पाणी तर ह्याच दिवसांत आटलेले असते, तेव्हा अंघोळही बेताचीच.

त्यापुढचे खळे आमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले आहे. जमीन चोपून शेणाने सारविलेली, मध्ये तिवडा, त्याच्याभोवती फिरणारी बैलांची पात. वारा सुटला की वावडीवर चढून उफणणी चाले. वावडीवर पुरुष उभा असे. त्याचे चित्र सर्वांच्या लक्षात राहते, कारण तो उंचावर असतो. खालून पाट्या भरभरून त्याच्या हातात देणारी बाई त्या चित्रात सहसा येत नाही. आता बैलांच्या जागी मळणीयंत्र आले आहे. कणसे यंत्राच्या तोंडाशी नेण्याचे काम घरातल्याच माणसांचे, आणि तेही घाईने, कारण यंत्रवाल्याला दुसऱ्याच्या रानात जावयाचे असते.

रास घरी आली म्हणजे वसंत संपला असे नव्हे. बियाण्याची कणसे निवडून वेगळी ठेवावयाची. धान्य उन्हात घालून साठवावयाचे; पूर्वी त्याच्यासाठी पेवे असत. शेणखत रानात ओढावयाचे, नांगरटीमागून हरळी आणि कुंदा वेचावयाचा, बांध धरावयाचे. गुरांना पाणी दुरून आणावयाचे. आणि ह्याच पंधरवड्या-महिन्यात शेवया, कुरडया, पापड, तिखट, म्हणजे वर्षाची बेगमी. कृषिशास्त्राच्या पुस्तकात आम्ही वाचले आहे की कोरडवाहू शेतकऱ्याला उन्हाळ्यात रिकामा वेळ असतो. पुस्तक लिहिणाऱ्या सद्गृहस्थाने त्या घरातील पुरुषाला विचारले असावे.

आता आमच्या धंद्यातील गोष्ट. पोते आवारात आले, लिलाव झाला, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. त्या पट्टीवर हमाली लिहिलेली असते, तोलाई लिहिलेली असते. ह्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याच्या आधी पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला कोणी मालक नव्हता, म्हणून त्याला कोणताच हक्क नव्हता. कायद्याने मंडळे नेमली, नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली. हमालीची ती ओळ छापली गेली ती आपोआप नव्हे. तिच्यासाठी माणसे रस्त्यावर बसली आहेत.

पण हीच ओळ शेतकऱ्याच्या डोळ्यात सलते, आणि आम्हाला बाजारात एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: “तुमचा हमाल पोते उचलून पलीकडे ठेवतो, त्याचे पैसे माझ्या पट्टीतून कापता. ह्या पोत्यामागे माझी बायको, आई आणि सून तीन महिने राबली, त्यांची ओळ कोठे आहे?” काही कार्यकर्ते ह्या प्रश्नाने चिडतात. आम्हाला वाटते, कामगार चळवळीला विचारला गेलेला इतका रास्त प्रश्न दुसरा नाही.

कारण ह्या श्रमाला किंमतच नाही असे सरकारही म्हणत नाही. कृषी मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला; १९८५ पासून त्याच्या नावात ‘खर्च’ हा शब्दही आला. आयोगाच्या हिशेबात बियाणे, खत, मजूर ह्यांवर खिशातून झालेला खर्च एका बाजूला धरतात, त्याला ‘ए-टू’ म्हणतात. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मजुरीच्या दराने मिळवितात, त्याला ‘एफ्. एल्.’ असे नाव आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले म्हणजे ‘सी-टू’ होते. २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली तेव्हा त्यातील खर्च म्हणजे ‘ए-टू अधिक एफ्. एल्.’, शेतकरी संघटनांचे म्हणणे ‘सी-टू’ धरा असे. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. (मालदांडीचा भाव रब्बीच्या नव्हे, खरिपाच्या यादीत जाहीर होतो, ही आणखी एक गंमत.) आमचा मुद्दा एवढाच की दिल्लीच्या कागदावर सासूसुनांच्या श्रमाचा आकडा आहे. तो भावात मिळून पट्टीवर येतो, पट्टी घरधन्याच्या नावाने निघते, आणि रक्कम त्याच्या खात्यावर पडते. आकडा जिच्यामुळे झाला तिच्यापर्यंत तो पोहोचतो की नाही, हे पाहणारा कोणी इन्स्पेक्टर नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने शेतमजुराला कक्षेत घेतले. पण त्यासाठी एक मालक आणि एक मजूर लागतो. घरात हे नाते कोण मान्य करील? सालगड्याचेच पाहा. त्याचे साल पाडव्याला संपते. पटले नाही तर तो त्या दिवशी घोंगडी उचलून दुसऱ्या घरी जातो. सालगड्याची स्थिती हेवा करण्यासारखी मुळीच नाही, तरी त्याला पाडवा आहे. सुनेला पाडव्याला फक्त पुरणपोळी करावयाची असते.

ऊसतोडीची टोळी ह्याच सुमारास परत येते. बीड, पाथर्डी भागातील ही कुटुंबे हंगामभर कारखान्यांच्या रानात असतात आणि चैत्रात आपल्या कोरडवाहू तुकड्यावर येऊन लगेच कामाला लागतात. टोळीत नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोन माणसांचे चार हात, आणि मोजणीत एक कोयता! उचल बहुधा नवरा घेतो. ती फेडते दोघांची पाठ.

ह्याच्या उलट एक उदाहरण आमच्या राज्यातलेच आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना जोराने चालली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. चैत्र-वैशाखाच्या उन्हात नालाबांधाची, रस्त्याची कामे निघत. तेथे खडी फोडणारी, माती वाहणारी बाई मस्टरवर स्वतःच्या नावाने असे, अंगठा स्वतःचा देई, पैसे स्वतः मोजून घेई. घरच्या शेतात ती ह्याहून कमी राबत नव्हती. सरकारी बांधावर मात्र तिला हजेरी होती.

घरच्या शेतात मस्टर ठेवा असे आम्ही सांगणार नाही. आई मुलाकडे रोज मागू लागली तर घर चालावयाचे नाही, हे आम्हालाही समजते. पण घरच्या श्रमाची मजुरी रोजाने देता येत नसेल तर ती मालकीने देता येते. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन करावी म्हणून. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढले आणि नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सा मिळाला. ही वाट वापरणारे मात्र थोडे.

आणि आता थोडे कडू बोलतो, रागावू नये. ह्या सभागृहात बसलेल्या कित्येकांची नावे गावच्या सातबाऱ्यावर आहेत. आपण नोकरीसाठी शहरात आलात, वडील गेले, वारस म्हणून नाव लागले. रान धाकटा भाऊ कसतो; म्हणजे भाऊ आणि भावजय कसतात. सुगी झाली की घरची ज्वारी म्हणून एक-दोन पोती शहरात येतात, आणि ‘आमच्या शेतातली’ म्हणून शेजाऱ्याला आपण भाकरीही देतो. त्या शेतात ज्यांनी पाथ धरली नाही त्यांचे नाव उताऱ्यावर आहे. जिने धरली तिचे नाही. बंधूंनो, हा कोणा भांडवलदाराचा अन्याय नाही, की त्याच्या दारावर आम्ही मोर्चा न्यावा.

मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन आपण गावी जाल, तेव्हा सातबारा काढून पाहावा. आता तो संगणकावरही मिळतो. गाव नमुना सातमध्ये भोगवटादारांची नावे असतात, ती वाचावीत. नंतर रानात चक्कर मारून हरळी वेचायला कोण वाकले आहे ते पाहावे. भावाशी बोलावे, भावजयीच्या देखत बोलावे. अर्ज तलाठ्याकडे द्यावयाचा असतो. तो कसा लिहावा हे आमच्या कचेरीत कोणीही सांगेल.

आमची वेळ झाली. कोणाला काही विचारावयाचे असेल तर आम्ही येथेच बसलो आहोत.