रक्ताला विचारायचा प्रश्न

निवास-भोजनाची माहिती कार्यक्रमपत्रिकेत छापली आहे. म्हणून स्वागत समितीच्या वतीने बोलण्याचा माझा वेळ क्षयरोगासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ‘टीबी गोल्ड’ या रक्ततपासणीसाठी वापरतो.

ही तपासणी रक्तात जंतू शोधत नाही. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही क्षयजंतूंची प्रथिने रक्तातल्या पेशींपुढे ठेवायची आणि त्या इंटरफेरॉन गॅमा किती सोडतात ते मोजायचे. पेशींना जंतूची ओळख आहे, एवढेच त्यातून कळते. तो निपचित आहे की फुप्फुस पोखरतो आहे, हे नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत अशाच तपासणीने १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला. अशा देशात पॉझिटिव्ह अहवाल पाहून खोकणाऱ्या रुग्णाला क्षयाची औषधे सुरू करणे हा अंदाजपंचे कारभार झाला. निगेटिव्ह अहवालावर विसंबणे तर त्याहून घातक, कारण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात आजार असूनही पेशी गप्प राहू शकतात. क्षयासाठीच्या अँटिबॉडी चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. त्या चाचण्या वेगळ्या होत्या, पण रक्तावरून क्षय ठरवण्याची आपली हौस काही गेली नाही! लहान मुलांना बेडका काढता येत नाही, मग करायचे काय, असे बालरोगतज्ज्ञ विचारतात. अडचण खरी आहे. पण जठरातला द्राव काढून सीबीनॅट ही जनुकीय तपासणी करता येते, एक्स-रे आहे, घरातल्या रुग्णाची चौकशी आहे.

मग ही तपासणी हवीच कशाला? रुग्णाच्या घरातल्या माणसांसाठी, किंवा संधिवातावर टीएनएफ-रोधक औषधे सुरू करण्याआधी. सक्रिय आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक गोळ्या कोणाला द्यायच्या, हे ती सांगते. एचआयव्हीबाधित व्यक्ती आणि रुग्णाच्या घरातली पाच वर्षांखालची मुले यांच्यासाठी तर अहवालाची वाटही पाहू नये. बीसीजी लसीमुळे मॅन्टू ही त्वचेवरची चाचणी फसते, म्हणून रक्तच तपासावे, हा युक्तिवाद मला थोडा ताणलेला वाटतो. जन्मतः टोचलेल्या बीसीजीचा मॅन्टूवरचा परिणाम दहा वर्षांनी फारसा उरत नाही. मॅन्टूची खरी अडचण म्हणजे ४८ ते ७२ तासांनी पुन्हा यावे लागते, आणि रोजंदारी बुडवून कोण येणार? रक्ताला एकच खेप पुरते, पण नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. तीच प्रथिने त्वचेत टोचण्याच्या नव्या चाचण्यांची जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केली. त्यांनाही दुसरी खेप लागतेच, पण प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मी आधी त्यांवर पैसा खर्च करीन. याला विरोध असणारे सभागृहात अनेक आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना दुपारचे सत्र मोकळे आहे. आता अध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.