शिसपेन्सिलीचे निसर्गचित्र

पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूची दृष्टी सहजच सरसगडाकडे वळते. पण हाती केवळ शिसपेन्सिल आणि तळहाताएवढा कागद असता तो गड कसा उतरवावा, हा प्रश्न क्वचितच कोणास पडतो. पेन्सिलीने काढलेल्या निसर्गचित्राचे रसग्रहण मात्र याच प्रश्नापासून सुरू होते.

रंग नाहीत म्हणून असे चित्र अपुरे, हा समज व्यापक आहे. परंतु तो खरा नव्हे. युरोपातील रोमँटिक कालखंडाने निसर्गाला चित्राच्या पार्श्वभूमीतून पुढे आणून विषयाचा मान दिला. उघड्यावर हिंडणाऱ्या चित्रकाराला पेन्सिलीइतके सुटसुटीत साधन दुसरे कोणते? इंग्लंडशी युद्ध जुंपल्याने फ्रान्सला तेथील उत्तम ग्राफाइट मिळेना, तेव्हा १७९५ साली काँते याने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून ती भाजण्याची युक्ती काढली. मातीचे प्रमाण बदलले की पेन्सिल कठीण वा मृदू होई. १८१३ साली जॉन कॉन्स्टेबल याने आपल्या गावचा परिसर ज्या चिमुकल्या वहीत पेन्सिलीने टिपला, ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

महाराष्ट्रही या काळात अगदीच मागे नव्हता. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा कलावंत होता. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडून त्याने युरोपीय यथादर्शनाचे धडे घेतले. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी वेरूळची लेणी पेन्सिल आणि जलरंग यांच्या साह्याने कागदावर उतरविणाऱ्यांत त्याची गणना होते.

अशा रेखाटनापुढे उभे राहता प्रथम रेषेचा दाब पाहावा. सरसगडाचेच उदाहरण घेतले, तर मागच्या डोंगरांना कठीण पेन्सिलीची पुसट रेषा पुरे. जवळच्या झाडीला मृदू पेन्सिलीचा गडद दाब हवा. गडाच्या काळ्या कातळाचा खडबडीतपणा तुटक, आडव्याउभ्या रेघांनी प्रकट होईल. अंतर आणि पोत ही दोन्ही अशी एकाच काळ्या रंगातून निर्माण होतात. नंतर कोरा राहिलेला कागद पाहावा. श्रावणात पायथ्याशी उतरलेले धुके काढावयाचे तर पेन्सिल उचलूनच घ्यावी लागते. काय गाळावे हे ज्याला कळले, त्यालाच काय दाखवावे हे कळले. रंगाच्या मोहिनीत चुकलेली रेषा झाकली जाते. येथे तिला लपावयास जागा नसते.

गंगारामाची रेखाटने आज सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जतन केलेली आहेत. कॉन्स्टेबलचे नाव जाणणाऱ्या मराठी घरांतही गंगारामाचे नाव बहुधा अपरिचित असते. ही उणीव केवळ माहितीची नव्हे, पाहण्याच्या सवयीची आहे. चित्रकार तासभर एका जागी बसून एकच कडा न्याहाळतो. त्याचे रेखाटन प्रेक्षकाकडूनही थोडी स्वस्थता मागते. ती दिली, तर डोळ्यांना वळण लागते, आणि मग आगगाडीच्या खिडकीतून धावत जाणारा सह्याद्रीही निराळा दिसू लागतो. ज्या डोंगराची रेषा कोणाच्याच मनात उमटलेली नाही, त्याची कड खाणीसाठी तुटली तरी ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.