आजच्या घरातली भुते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. भोर तालुक्यातल्या आमच्या गावी शाळा तेवढीच होती, आणि पुढच्या शाळेला मुलीने एकटीने डोंगर उतरून जायचे हे घरात कोणाला पटले नाही. चार माणसांत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. हे भाषण मी चार वेळा लिहून काढले आहे आणि आज बघूनच वाचणार आहे. त्याबद्दल राग मानू नये.

आजचा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते बहुतेकींना ठाऊक आहे. मंडळाच्या कपाटासाठी पुस्तकांची यादी चालली होती. पाककृती झाल्या, आरोग्य झाले, थोरांची चरित्रे झाली. मी भीतभीत म्हटले, "नारायण धारपांची दोनचार घेऊ या का?" एक बाई म्हणाल्या, "अहो, भुताखेतांची पुस्तके का मंडळात ठेवायची?" दुसऱ्या म्हणाल्या, "लेकीसुनांच्या हाती पडली म्हणजे?" मी गप्प बसले. तेव्हा अध्यक्षबाईंनी सांगितले, "गप्प का बसता? वर्धापनदिनाला दहा मिनिटे तुम्हीच बोला." आता बोलते.

माझी आणि या पुस्तकांची ओळख वाचनालयात झाली नाही, घरातच झाली. आमच्या ह्यांचा पुस्तकबांधणीचा धंदा आहे. लग्न होऊन मी पेठेतल्या वाड्यात आले तेव्हा दोन खोल्यांपैकी एका खोलीत निम्मी जागा पुस्तकांच्या गठ्ठ्यांनीच अडवलेली असे. वाचनालयांची फाटकी पुस्तके दुरुस्तीला यायची. खळ शिजवायची, पाने जुळवायची, जुजबंदीला दोरा ओवून द्यायचा, ही कामे माझ्याकडे आली. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. काही जाडजूड पुस्तके वाळवीने खाल्लेली यायची, पण आतली पाने कोरी करकरीत. धारपांची पुस्तके मात्र माणसांच्या हातांनीच झिजलेली असत. कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर चहाचा डाग, शेवटची पाने निखळलेली. मी मनात म्हटले, एवढे काय आहे यात? पाने जुळवताना एक ओळ वाचली, मग पान वाचले, आणि चुलीवरची खळ करपली. सासूबाईंनी विचारले तेव्हा मी विस्तवाला दोष दिला. पुढे कित्येक दिवस मी ती पुस्तके तांदळाच्या डब्यामागे लपवून वाचत असे.

नारायण धारप आपल्या पुण्याचेच. जन्म १९२५ चा, आणि २००८ साली ते गेले. शंभराच्या वर पुस्तके त्यांनी लिहिली. त्यांचे 'समर्थ' हे पात्र तर कित्येकांना घरच्या माणसासारखे वाटते. 'लुचाई' ही त्यांची कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली आहे. गोष्ट मूळ तिकडची, पण धारपांनी तिला आपल्याकडची माणसे आणि आपली भाषा दिली. दुसरे रत्नाकर मतकरी. २०२० साली ते वारले. आपल्यापैकी ज्यांनी मुलांना 'अलबत्या गलबत्या' नाटक दाखवले असेल, त्यांना त्यातली चेटकीण आठवत असेल. तेच मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत.

आता आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आठवा. आटपाट नगर असते, तिथे राजा असतो, राक्षस सात समुद्रांपलीकडे असतो. ऐकायला मजा येते, पण भीती आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही. या पुस्तकांचे तसे नाही. इथे कचेरीत जाणारा कारकून असतो, डॉक्टर असतो, बदली होऊन नव्या भाड्याच्या घरात आलेले कुटुंब असते. दूध येते, नळाला पाणी येते, मुलांचे डबे भरले जातात. लेखक हे सगळे आपण दुधाचा हिशेब लिहितो तसे नीट मांडून दाखवतो. आणि मग एकच गोष्ट जराशी जागची हलते. बंद केलेले दार उघडे असते, किंवा मूल एका खोलीत पाऊल टाकायला तयार होत नाही. तिथून पुढे आपल्याला झोप येत नाही.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. ती सांगते की आजच्या शहरात अद्भुत काही घडते अशा कादंबऱ्यांना इंग्रजीत 'अर्बन फँटसी' म्हणतात आणि जगभर त्या वाचल्या जातात. तिने मला हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद आणून दिला. त्यात लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात नऊ आणि दहा नंबरांच्या मध्ये पावणेदहा नंबरचा फलाट आहे. रोजच्या गर्दीतून हजारो माणसे जातात, पण तो फलाट ठाऊक असलेल्यालाच सापडतो. मला त्यात नवल वाटले नाही. आपण पुणेकर शनिवारवाड्यावरून जातोच ना? १७७३ सालच्या ३० ऑगस्टला तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आज समोरून बस जाते, रिक्षावाले भाड्यासाठी हाका मारतात, तरी अमावास्येला 'काका मला वाचवा' ऐकू येते हे सांगणारा माणूस दर गल्लीत एक तरी आहे. लंडनला फलाट, आपल्याकडे वाडा, एवढाच फरक.

आता आक्षेपाकडे येते. या पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते असे म्हणतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारले. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या शहरातल्या बाईने भुतांची बाजू घेताना जपून बोलावे हे मला कळते. पण भगिनींनो, माझ्या माहेरी मी अंगात येणे पाहिले आहे, आणि पुस्तकातले भूतही पाहिले आहे. दोहोंत अंतर आहे. पुस्तक आधीच सांगते की ही गोष्ट आहे. ते अंगारा देत नाही, कोंबडे मागत नाही, औषध बंद करा म्हणत नाही. शेवटचे पान आले की ते आपल्याला सोडून देते. बुवा सोडत नाही. गोष्टीतले भूत पाहून घाबरायची सवय झाली म्हणून मला खऱ्या आयुष्यातले ढोंग लवकर ओळखू येऊ लागले, असा माझा अनुभव आहे.

पण मी उभी राहिले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती मुलीला विचारून सांगते आहे. तीच म्हणाली, "आई, सांग. कोणाच्या तरी कामी येईल."

ती तेव्हा सहावीत होती. वाडा पाडून नवी इमारत झाली होती आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहू लागलो होतो. मुलगी दिवसाला दहा वेळा जिना चढायची उतरायची. एकाएकी ती खाली एकटी जाईनाशी झाली. शिकवणीहून आली की जिन्याखाली उभी राहायची आणि कोणी शेजारीण वर निघाली की तिच्यामागून यायची. मी विचारले तर म्हणाली, "खाली भीती वाटते." मी काय म्हटले असेल? "वेडी कुठली! एवढी मोठी घोडी झालीस, कसली भीती?" सासूबाई म्हणाल्या, "तूच ती भुताची पुस्तके घरात आणतेस." मला ते लागले. मी त्या दिवशी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली.

रात्री झोप येईना. डोक्यात विचार आला, की मी वाचलेल्या कितीतरी गोष्टींत असेच घडते. घरातल्या एकाला काहीतरी दिसते. बहुधा ते मूल असते, नाहीतर बाई असते. बाकीचे म्हणतात, भास झाला, झोपा. आणि वाचताना मी त्या बाकीच्यांवर किती चिडत असे! 'अरे, ती सांगते आहे ते ऐका' असे मनात ओरडत असे. मग गोष्टीत समर्थांसारखा कोणीतरी येतो. तो हसत नाही, रागावत नाही. आधी सगळे ऐकून घेतो. त्याची खरी विद्या मला तीच वाटते. माझ्या घरात मी मात्र त्या न ऐकणाऱ्यांच्या रांगेत उभी होते.

सकाळी मी मुलीला गच्चीवर नेले. म्हटले, "मी हसणार नाही, रागावणार नाही. काय दिसते खाली ते सांग." बराच वेळ ती बोलली नाही. मग बोलली. गाड्या ठेवतात तिथे इमारतीत येणारा जाणारा एक माणूस तिची वाट अडवत असे. त्याचे वागणे बरे नव्हते. त्याने तिला धमकावले होते, "कोणाला सांगितलेस तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" त्याहून अधिक मी इथे बोलत नाही. आपण सगळ्या आया आहोत. वेळेवर कळले, एवढे सांगते. आम्ही नवराबायको त्याच दिवशी पोलीसचौकीत गेलो आणि त्या माणसाचे इमारतीत येणे बंद झाले. मुलगी पुन्हा एकटी जिना चढू लागायला मात्र वर्ष गेले.

त्या भुताला ना उलटे पाय होते ना लाल डोळे. इस्त्रीचे कपडे होते. सासूबाईंनी आपल्या हाताने माळ्यावरचे गाठोडे काढून दिले. तोंडाने काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांची नजर कमी झाली तेव्हा दुपारी मीच त्यांना वाचून दाखवत असे, आणि भीतीच्या जागी त्या माझा हात धरत.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. भुते खरी आहेत असे सांगायला मी आलेले नाही. भीती खरी असते, आणि ती सांगायला घरातल्या लहान माणसाला पुष्कळदा शब्द सापडत नाहीत. अशा गोष्टी वाचणाऱ्याला नेहमीच्या घरात काय जागचे हलले आहे ते बघायची सवय लागते, आणि सांगणाऱ्याला वेडे न ठरवता ऐकायची सवय लागते. मला तरी लागली. सातवी शिकलेल्या बाईला ही शिकवण दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

मंडळाच्या कपाटात एक खालचा कप्पा या पुस्तकांना द्यावा अशी माझी विनंती आहे. लहान मुलांच्या हाती ती देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पुस्तके फाटली तर काळजी नको. बांधून द्यायचे काम आमच्या घरी फुकट होईल. आणि ती फाटतीलच, हे मी अनुभवाने सांगते.