विजेचा फेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी जळकोट येथे केलेले भाषण)



आजच्या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या शिक्षणावर. मी बोलणार आहे धुणे वाळत घालायच्या तारेवर.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या जाऊबाई धुण्याचे पिळे घेऊन अंगणात गेल्या आणि तारेला हात लागताच किंचाळून मागे पडल्या. तार पत्र्याच्या शेडला बांधलेली; त्याच पत्र्याला बल्बची वायर सोललेल्या जागी टेकलेली. दैव बलवत्तर, म्हणून त्या आज येथे बसल्या आहेत. त्या दिवशी मी ठरवले, की शाळेत नुसती घोकलेली ही वीज आता समजून घ्यायची.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर अधिक. विजेच्या अशा जोराला दाब म्हणजे व्होल्टेज म्हणतात. आपल्या घरी तो 230 व्होल्ट धरलेला असतो. नळातून दर क्षणाला जेवढे पाणी येते, तसा विजेचा प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. नळी बारीक असली की पाणी अडते. विजेच्या अशा अडवणुकीला रोध म्हणतात, त्याचे माप ओहम. गेऑर्ग ओहम हा जर्मनीतील एक शिक्षक, कुलुपे करणाऱ्याचा मुलगा. त्याने 1827 मध्ये या तिघांचे नाते मांडले : दाबाला रोधाने भागले, की प्रवाह निघतो.

हा हिशोब घरातच करून पाहा. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे 53 ओहम. 230 ला 53 ने भागा. सव्वाचार अँपिअरच्या थोडा वर प्रवाह येतो. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटला तो झेपत नाही. सॉकेट तापते, वायर वितळते.

पण प्रवाह वाहायला वाट पुरी लागते. पंचमीला आपण हातात हात धरून फेर धरतो. एकीने हात सोडला, की फेर मोडला. विजेचेही तसेच. बटन बंद केले की फेर तुटतो, दिवा विझतो. तारेवर बसलेल्या चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, म्हणून तिच्यातून फेर पुरा होत नाही. आपण मात्र अनवाणी जमिनीवर उभ्या असतो. वीज उतरलेल्या तारेला हात लागला, की आपल्या अंगातून, जमिनीतून थेट डीपीपर्यंत फेर पुरा होतो!

आता ओल्या हाताचा हिशोब. कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. पण तेवढ्यावर कोणी विसंबू नये. ओल्या अंगाचा रोध हजारभरच उरतो. 230 भागिले हजार, म्हणजे पाव अँपिअरला थोडा कमी. इस्त्रीपुढे हा प्रवाह किती क्षुल्लक! पण माणसाचे हृदय थांबवायला तो पुरेसा आहे. आणि आपण म्हणतो, “फ्यूज उडेल की!” भगिनींनो, फ्यूज वायरीला वाचवतो, बाईला नाही. पाव अँपिअरने तो उडत नाही. माणसाला वाचवणारे स्वयंचलित बटन वेगळे असते. ते 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. वायरमनकडून ते बसवून घ्या, आणि अर्थिंगही तपासून घ्या. जाड तिसरी पिन शोभेची नसते.

तार उतरवा, नायलॉनची दोरी बांधा. तीही पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला नको. कोणाला शॉक बसला तर धावत जाऊन हात धरू नका. तुम्हीही त्या फेरात ओढल्या जाल. आधी मेन बटन बंद करा. ते जमले नाही, तर कोरड्या जागी उभ्या राहून कोरड्या लाकडाने तार दूर लोटा.

नायलॉनच्या दोरीला लुगड्यापेक्षा कितीतरी कमी पैसे पडतात. पुढच्या वर्धापनदिनी मी एकच विचारणार आहे : किती अंगणांतली तार उतरली?